वाचकांचे प्रश्न: मायक्रोबियल इकॉलॉजीचा मायनर आणि प्रयोगशाळेतल्या अडचणी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे सूक्ष्मजीवांच्या परिसंस्थेवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची बरीच पत्रं आली. काही अमेरिकेतून, मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) कसा निवडायचा हे विचारणारी. काही इथल्याच प्रयोगशाळांतून, ‘आकडे जुळत नाहीत’ अशा तक्रारीची. वरवर वेगळे वाटणारे हे प्रश्न आतून एकमेकांत गुंतलेले आहेत. मायनरमध्ये जे शिकायचं राहतं, ते नेमकं बेंचवर आडवं येतं. म्हणून सगळे एकाच अंकात घेतले आहेत.

प्रश्न: मी मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीत पीएचडी करतो आहे. विषय: सांडपाण्यातला फॉस्फरस काढून घेणारे जिवाणू. मायनर मायक्रोबियल इकॉलॉजीचा घे, असं गाइड म्हणतात. जीवशास्त्र मी बारावीनंतर पाहिलेलं नाही. कोणते कोर्स घेऊ?

आधी नियम. तुमच्याकडे डॉक्टरल मायनर किमान ९ क्रेडिटचा. पर्याय ‘ए’ म्हणजे ९ही क्रेडिट एकाच बाहेरच्या विभागाच्या मायनरमधून. पर्याय ‘बी’ म्हणजे एका विषयाभोवती गुंफलेले, पण वेगवेगळ्या विभागांतले कोर्स. थिसिसचे आणि संशोधनाचे क्रेडिट मायनरमध्ये धरत नाहीत, स्वतंत्र अभ्यासाचे जास्तीत जास्त ३ चालतात आणि सरासरी ग्रेड ‘बी’च्या खाली जाऊन चालत नाही. ३००च्या खालच्या क्रमांकाच्या कोर्सला पदव्युत्तर क्रेडिट मिळत नाही. म्हणजे पायाभूत जीवशास्त्राचा कोर्स घेतलात तर तो ज्ञानापुरता. मायनरच्या हिशेबात शून्य. विभागागणिक बारीक अटी असतात, त्यामुळे तुमच्या प्रवेशवर्षाची नियमावली काढून ठेवा आणि मायनरचा करार पहिल्या कोर्सच्या आधी सही करून घ्या. कोर्स झाल्यावर सही मागायला गेलं की ‘हा कोर्स बसत नाही’ हे उत्तर हमखास मिळतं.

तुमच्यासाठी पर्याय ‘बी’ बरा. कारण तुमचं दुबळेपण एका विभागात मावणारं नाही. ९ क्रेडिटची वाटणी आम्ही अशी करू: ३ सूक्ष्मजीवांच्या शरीरक्रियेला, ३ सरोवर किंवा मातीच्या जैवभूरसायनाला (कार्बन, नायट्रोजनसारखी मूलद्रव्यं तिथे कशी फिरतात त्याला), ३ बहुचल संख्याशास्त्राला. ‘मायक्रोबियल इकॉलॉजी’ असं नाव असलेला कोर्स यात नाही, हे पाहून दचकू नका. तो मिळाला तर जैवभूरसायनाच्या जागी घ्या. पण नुसतं नाव बघून तीन कोर्स गोळा केले, तर तिन्हींत नायट्रोजन चक्राची तीच आकृती पुन्हा पुन्हा बघत बसाल आणि नमुने किती घ्यायचे हे कुणीच शिकवलेलं नसेल.

शरीरक्रिया पहिली का? तुमच्या टाकीतला महत्त्वाचा जिवाणू ॲक्युम्युलिबॅक्टर. त्याच्या नावामागे अजूनही ‘कँडिडेटस’ लावतात, म्हणजे तो शुद्ध स्वरूपात वाढवून रीतसर नोंदवलेला नाही. त्याच्याबद्दल जे काही सांगायचं ते त्याच्या ऊर्जेच्या हिशेबावरूनच: हवा नसताना ॲसिटेट आत घ्यायचं, साठवलेलं पॉलिफॉस्फेट मोडायचं, फॉस्फेट बाहेर सोडायचं, हवा मिळाली की उलटं. हा हिशेब अंगवळणी पडायला एकच सराव उपयोगी. ऑक्सिजन, नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट, कार्बन डायऑक्साइड: इलेक्ट्रॉन घेणाऱ्यांची ही उतरंड आणि प्रत्येकाची अर्धी अभिक्रिया कागद न बघता लिहिता यायला हवी. सत्र सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे रोज एक समीकरण तोलत बसा. अभियंत्याला हे जड नाही; जड जातं ते फक्त नावांचं जंगल.

संख्याशास्त्र शेवटच्या सत्रावर ढकलू नका. प्रिलिम परीक्षेच्या (पीएचडीच्या मधल्या पात्रता परीक्षेच्या) आधी झालं, तर प्रयोगाची आखणी बदलता येते. नंतर झालं, तर फक्त पश्चात्ताप करता येतो. आणखी एक व्यवहारी गोष्ट: विशेष विषयांचे पदव्युत्तर कोर्स बऱ्याचदा वर्षाआड लागतात. पुढच्या चार सत्रांचं वेळापत्रक विभागाच्या कचेरीतून आत्ताच विचारून घ्या.

दुसरीकडे अर्ज करणाऱ्या वाचकांसाठी: ९ हा आकडा सगळीकडे चालत नाही. मिनेसोटा विद्यापीठात डॉक्टरल मायनर किमान १२ क्रेडिटचा आणि मास्टर्सचा ६चा. कॉर्नेलला तर मामला क्रेडिटचा नाहीच. तिथे मायनर म्हणजे तुमच्या विशेष समितीतला त्या विषयाचा प्राध्यापक. पीएचडीच्या समितीत अध्यक्षाशिवाय किमान दोन मायनर सदस्य लागतात आणि ‘ए’ परीक्षेत (तिथली पीएचडीची पात्रता परीक्षा) ते आपापल्या विषयाचं विचारतात. तिथे कोर्सची यादी करण्याआधी माणूस निवडावा लागतो.

प्रश्न: पुण्यात चार वर्षांची पदवी करते आहे. मेजर रसायनशास्त्र, मायनर मायक्रोबायॉलॉजी. पुढे परदेशात मायनर घ्यावा लागला तर हे क्रेडिट चालतील का?

नाही. पदवीचा मायनर पदव्युत्तर मायनरमध्ये मोजत नाहीत. त्याचा उपयोग पूर्वअट म्हणून होतो आणि तो उपयोग लहान नाही: ‘तुझं बायोकेमिस्ट्री झालेलं नाही’ म्हणून अडवणाऱ्या प्राध्यापकाला दाखवायला तुमच्याकडे कागद असतो. त्यासाठी प्रत्येक पेपरचा विद्यापीठाने छापलेला अभ्यासक्रम, तासांच्या संख्येसह, पीडीएफ करून ठेवा. अभ्यासक्रम बदलला की संकेतस्थळावरून जुना नाहीसा होतो. मेजर रसायनशास्त्र असणं या विषयात जमेचीच बाजू आहे, हेही सांगून ठेवतो.

प्रश्न: कोल्हापूर. एमएस्सीचा प्रकल्प उसाच्या मातीवर आहे. न्यूट्रिएंट अगरवर (जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) ग्रॅमला ६० लाख वसाहती येतात; त्याच मातीत फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली २०० कोटी पेशी दिसतात. मॅडम म्हणतात, डायल्यूशन (टप्प्याटप्प्याने पातळ करणं) चुकलं असणार. चार वेळा केलं, तेच येतं.

डायल्यूशन चुकलेलं नाही. तुमच्या वसाहती म्हणजे दिसणाऱ्या पेशींच्या ०.३ टक्के, आणि मातीच्या बाबतीत हे अगदी नेहमीचं आहे. या तफावतीला स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ साली ‘ग्रेट प्लेट काउंट ॲनॉमली’ हे नाव दिलं. बऱ्याच पेशी सुप्त असतात, काही मेलेल्या पण रंग घेणाऱ्या, काहींना शेजारी लागतो. तरीही ०.३ टक्के वाढवता येतो, आणि तुमच्या पद्धतीत सुधारायला तीन-चार जागा दिसतात.

पहिली जागा, माती सुटी करणं. १० ग्रॅम ओली माती (२ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली) ९० मिली ०.१ टक्का सोडियम पायरोफॉस्फेटच्या निर्जंतुक द्रावणात, सोबत थोडे काचेचे मणी, शेकरवर १५० फेऱ्यांना ३० मिनिटं. नुसत्या सलाइनमध्ये हाताने हलवलं तर चिकणमातीच्या कणाला चिकटलेल्या पन्नास पेशी मिळून एक वसाहत देतात. शेकर थांबल्यावर जड कण बसायला ठरावीक वेळ द्या, समजा एक मिनिट, आणि तो प्रत्येक नमुन्याला तितकाच. पिपेटचं टोक मातीने तुंबत असेल तर निर्जंतुक कात्रीने टोक कापा.

दुसरी, माध्यम. न्यूट्रिएंट अगर हे मातीतल्या जिवाणूंना अतिश्रीमंत जेवण आहे. त्यात भराभर वाढणारे चार जण प्लेट व्यापतात. आर२ए (कमी पोषणाचं माध्यम) वापरा, किंवा दहापट पातळ न्यूट्रिएंट माध्यम. इथे एक खड्डा आहे: तयार न्यूट्रिएंट अगरची पावडर दहापट कमी घातली तर अगरही दहापट कमी होतो आणि प्लेट गोठतच नाही. म्हणून न्यूट्रिएंट ब्रॉथची पावडर (जी एरवी लिटरला १३ ग्रॅम घालतो) १.३ ग्रॅम घ्या आणि अगर वेगळा, पूर्ण १५ ग्रॅम. बुरशी माजत असेल तर सायक्लोहेक्सिमाइड मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. हातमोजे घालून, ते विषारी आहे.

तिसरी जागा बहुतेक प्रयोगशाळांना ठाऊकच नसते. अगर आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केले) की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. थोडंसंच, पण नाजूक, हळू वाढणाऱ्या जिवाणूंना ते पुरतं मारक ठरतं. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. उपाय बिनखर्ची आहे: १५ ग्रॅम अगर ५०० मिली पाण्यात एका फ्लास्कमध्ये, फॉस्फेट आणि बाकीचे घटक ५०० मिलीत दुसऱ्यात, दोन्ही वेगवेगळे १२१ अंशांना २० मिनिटं, मग सुमारे ५० अंशांवर आले की एकत्र करून ओता.

चौथी, वेळ. २४ तासांनी मोजून प्लेटा टाकून देऊ नका. २८ अंशांना किमान दोन आठवडे, जमल्यास चार. प्लेटमध्ये २५ मिली ओता (१५ मिलीची प्लेट तोवर वाळून पापड होते) आणि पॉलिथिनच्या पिशवीत ओल्या कापसाच्या बोळ्यासह ठेवा. रोज नव्या वसाहतीवर प्लेटच्या पाठीमागून वेगळ्या रंगाच्या पेनाने ठिपका. दहाव्या दिवसानंतर येणाऱ्या बारीक, टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहतीच तुमच्या प्रकल्पाचा खरा ऐवज आहेत.

हिशेब एकदा तपासून घ्या. १० ग्रॅम ९० मिलीत म्हणजे पहिली दहापट. त्यापुढे दर वेळी १ मिली ९ मिलीत. पाचव्या नळीला एक लाखपट. त्यातलं ०.१ मिली पसरलं आणि तीन प्लेटांची सरासरी ४७ आली, तर ४७ × १० × १,००,००० = ४.७ कोटी, दर ग्रॅम ओल्या मातीला. त्याच नमुन्यातली वेगळी १० ग्रॅम ओली माती १०५ अंशांना २४ तास ठेवल्यावर ८.२ ग्रॅम भरली, तर ४.७ भागिले ०.८२, म्हणजे ५.७ कोटी, दर ग्रॅम कोरड्या मातीला. सूक्ष्मदर्शकाचा आकडाही कोरड्या मातीवरच काढा. एक ओल्यावर आणि एक कोरड्यावर काढून तुलना केलेली आम्ही बरेचदा पाहतो. ३० ते ३०० वसाहतींच्या बाहेरची प्लेट हिशेबात घेऊ नये.

मॅडमना दाखवायला एक पुरावा हवा असेल, तर ई. कोलायचं ताजं कल्चर याच नळ्यांतून न्या. तिथे सूक्ष्मदर्शकाचा आणि प्लेटचा आकडा जवळजवळ जुळेल. डायल्यूशन बरोबर असल्याचं सिद्ध होईल आणि उरलेला फरक मातीचा ठरेल.

प्रश्न: राहुरी. जीवामृत घातलेला एक प्लॉट आणि रासायनिक खताचा एक प्लॉट, दोन्हींतून पाच-पाच नमुने घेऊन १६एस सिक्वेन्सिंग (जिवाणूंचे गट ओळखून देणाऱ्या जनुकाचं वाचन) केलं. ॲक्टिनोबॅक्टेरिया जीवामृतात दुप्पट आले, पी-व्हॅल्यू ०.०१. रिव्ह्यूअर म्हणतो, रेप्लिकेशन नाही. दहा नमुने आहेत की!

रिव्ह्यूअरचं बरोबर आहे. प्रयोगातला उपचार प्लॉटला दिला होता, नळीला नाही. एका प्लॉटमधून पाच नळ्या भरल्या म्हणजे त्याच प्लॉटचं पाचदा मोजमाप झालं, प्लॉट एकच. दोन प्लॉटांत फरक आहे एवढंच तुम्ही दाखवलंत, आणि कोणतेही दोन प्लॉट वेगळे असतातच: एक पाटाजवळ असेल, एकात गेल्या वर्षी हरभरा असेल. सिक्वेन्सिंग खोल केल्याने यात काही बदलत नाही.

पुढच्या हंगामात रँडमाइझ्ड ब्लॉक (शेताचे गट पाडून प्रत्येक गटात उपचार चिठ्ठ्या टाकून वाटणं), प्रत्येक उपचाराचे किमान चार, शक्यतो पाच प्लॉट. प्रत्येक प्लॉटमधून ६ ते ८ ठिकाणी ० ते १५ सेंटिमीटर खोलीची माती ऑगरने काढा, घमेल्यात एकत्र करा, चाळा आणि त्यातून एक नमुना. ऑगर दोन प्लॉटांच्या मध्ये आधी धुवा, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा. पैसे पाच नळ्यांचेच असतील, तर एका प्लॉटमधून पाच घेण्याऐवजी पाच प्लॉटांतून एकेक घ्या. जीवामृत न घालता फक्त तेवढंच पाणी, गूळ आणि बेसन घातलेला नियंत्रण प्लॉटही ठेवा. नाहीतर परिणाम शेणातल्या जिवाणूंचा की गुळाचा, हे कधीच कळणार नाही.

‘दुप्पट’ या शब्दालाही धक्का लावायला हवा. सिक्वेन्सिंग टक्केवारी देतं, संख्या नाही. समजा मातीत ‘अ’ गटाचे ५० आणि ‘ब’ गटाचे ५० होते. खतामुळे ‘ब’ १०वर आले, ‘अ’ला काहीच झालं नाही. अहवालात ‘अ’ ५० टक्क्यांवरून ८३ टक्के झालेले दिसतील आणि तुम्ही लिहाल की ‘अ’ वाढले. हे टाळायला त्याच डीएनएवर एकूण १६एसची क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) करा आणि टक्केवारीला त्या संख्येने गुणा. त्यातही जीवाणूगणिक १६एस जनुकाच्या प्रती एकापासून पंधरापर्यंत असतात, त्यामुळे ‘जनुकप्रती’ असं लिहा, ‘पेशी’ नको.

आणि मातीचा पीएच (१ भाग माती, २.५ भाग पाणी), विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब, ओलावा आणि नमुना घेतानाचं तापमान ही नोंद त्याच दिवशी, त्याच मातीवर. जिवाणूंच्या समुदायावर सर्वात जास्त वजन बहुतेकदा पीएचचं पडतं; तो आकडा नसेल तर सिक्वेन्सचं पंधरा जीबी कशाच्या आधारावर वाचणार?

प्रश्न: छत्रपती संभाजीनगर. लोणारच्या काठच्या गाळातून किटने डीएनए काढतो. द्रावण तपकिरी येतं. नॅनोड्रॉपवर (शोषलेल्या प्रकाशावरून डीएनए मोजणारं यंत्र) मायक्रोलिटरला ८० नॅनोग्रॅम, २६०/२८० १.७, २६०/२३० ०.६. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी अभिक्रिया) लागतच नाही.

८०वर विश्वास ठेवू नका. तपकिरी रंग ह्युमिक आम्लांचा (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून येणाऱ्या) आहे आणि तीही २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात. नॅनोड्रॉप त्यांनाच डीएनए समजतो. २६०/२३० दोनच्या आसपास हवं; ०.६ म्हणजे ह्युमिक किंवा किटमधलं ग्वानिडिन मीठ. क्यूबिटवर (फक्त डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगावरून मोजणारं यंत्र) मोजा. बहुधा आकडा एक-दोनवर येईल.

मग अडथळा आहे की डीएनएच नाही, हे ठरवा. ई. कोलायच्या डीएनएवर नेहमी लागणारी पीसीआर लावा आणि तिच्यात तुमच्या नमुन्याचा १ मायक्रोलिटर टाका. पट्टा गेला तर अडथळा. तसं असेल तर सर्वात स्वस्त उपाय म्हणजे डीएनए १०, ५० आणि १०० पट पातळ करून पुन्हा लावणं. ह्युमिक आम्लं पातळ झाली की एन्झाइम मोकळं होतं. जोडीला बीएसए (अडथळा आणणारे पदार्थ पकडून ठेवणारं प्रथिन): १० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या साठ्यातून २५ मायक्रोलिटरच्या अभिक्रियेला १ मायक्रोलिटर. यानेही नाही झालं, तर काढतानाच सुधारा. गाळ ०.२५ ग्रॅमच घ्या. जास्त घातला की जास्त डीएनए मिळेल असं वाटतं. मिळतं ते जास्त ह्युमिक. पेशी फोडायला ०.१ मिलिमीटरचे मणी हवेतच, नाहीतर जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह न फुटता तसेच राहतात आणि नंतर ‘लोणारमध्ये ते कमी आहेत’ असा निष्कर्ष निघतो.

लोणारची म्हणून दोन भानगडी आहेत, ज्या किटच्या पुस्तिकेत नाहीत. पाण्याचा पीएच १०च्या आसपास, कार्बोनेटने भरलेला. सिलिकाच्या स्तंभाला डीएनए ७.५ किंवा त्याखालच्या पीएचलाच नीट चिकटतो. बाइंडिंग बफर घातल्यावर थेंबभर पीएच पट्टीवर ठेवून बघा, जास्त दिसला तर ३ मोलर सोडियम ॲसिटेट (पीएच ५.२) १० मायक्रोलिटर घाला, पुन्हा बघा. किटमध्ये पीएच दाखवणारा पिवळा रंग असेल तर तो जांभळा व्हायला नको.

दुसरी: कार्बोनेट काढण्यासाठी गाळ आधी साध्या बफरने धुण्याचा मोह होतो. तिथेच हॅलोआर्किया (खूप खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव) हातचे जातात. २०२०च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, तो रंग याच गटाचा असल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. मीठ एकदम कमी झालं की त्यांच्यातल्या बऱ्याच पेशी फुटतात आणि डीएनए धुवणाच्या पाण्याबरोबर ओतला जातो. धुवायचंच असेल तर त्या दिवशीच्या पाण्याइतक्याच खारटपणाच्या द्रावणाने. त्यासाठी पाण्याची वाहकता जागेवर मोजलेली असली पाहिजे.

पाण्याचा नमुना घेणार असाल तर ०.२२ मायक्रोमीटरचा फिल्टर शेवाळाने लवकर तुंबतो. ‘एक लिटर गाळलं’ असं वहीत आधी लिहून ठेवू नका. तुंबेपर्यंत जेवढं गेलं ते मोजून लिहा, मग ते १८० मिली का असेना. प्रत्येक तुकडीत एक कोरा नमुना, म्हणजे माती न घालता तीच सगळी द्रावणं, शेवटपर्यंत सिक्वेन्सिंगलाही पाठवा. किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो. आणि लोणार हे अभयारण्य आहे, शिवाय २०२० पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). गाळ उचलण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी लागते. जर्नल ती मागू शकतं.

प्रश्न: रत्नागिरी. कॉलेजात विनोग्राडस्की कॉलम (जिवाणूंचे रंगीत थर दिसावेत म्हणून चिखलाने भरलेली पारदर्शक बाटली) केला. खाडीचा चिखल, खडूची पूड, वर्तमानपत्राचे तुकडे. तीन आठवड्यांत सगळा काळा झाला, मधोमध तडा गेला, जांभळा-हिरवा पट्टा नाही.

तडा जास्त कागदामुळे. सेल्युलोज कुजताना निघालेला वायू चिखल वर ढकलतो. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीला ५ ग्रॅम कागद पुरे, तोही बारीक कापून पाण्यात भिजवलेला, आणि फक्त खालच्या तिसऱ्या हिश्शातल्या चिखलात कालवलेला. चिखल भरताना काठीने टोचून बुडबुडे काढा. वर साधा चिखल, त्यावर चार-पाच सेंटिमीटर खाडीचंच पाणी, वर थोडी हवा. झाकण सैल.

खडूची एक गंमत आहे. फळ्याचा खडू बऱ्याचदा चुनखडी नसून जिप्सम असतो. व्हिनेगरचा थेंब टाका: फसफसला तर कॅल्शियम कार्बोनेट, नाही तर सल्फेट. कॉलमला दोन्ही लागतात, पण आपण काय घातलं ते माहीत हवं. कार्बोनेटसाठी अंड्याच्या कवचाची पूड, ५ ग्रॅम.

काळा रंग म्हणजे अपयश नव्हे. तो लोखंडाचा सल्फाइड, सल्फेट खाणारे जिवाणू कामाला लागल्याची खूण. पण तुमच्याकडच्या चिखलात जांभ्याचं लोह भरपूर. तयार होणारा सगळा हायड्रोजन सल्फाइड लोहच पकडून ठेवतं, आणि ज्यांना तो मोकळा हवा ते जांभळे आणि हिरवे गंधक-जिवाणू उपाशी राहतात. खाडीच्या पाण्यात सल्फेट असतं म्हणून एरवी जिप्सम लागत नाही. इथे १० ग्रॅम घाला आणि दहा-बारा आठवडे थांबा. बाटली उत्तरेच्या खिडकीत, थेट उन्हात नाही. कपाटात ठेवलेला कॉलम काळाच राहणार, कारण ते दोन्ही पट्टे प्रकाशावर जगतात. पट्टे आले की वरून खाली क्रम असा दिसेल: पाण्याजवळ हिरवं शेवाळ आणि सायनोबॅक्टेरिया, मग तांबूस, मग जांभळा, खाली ऑलिव्ह-हिरवा, तळाशी काळा. उघडाल ते व्हरांड्यात. सडक्या अंड्याचा वायू बंद खोलीत नको.

प्रश्न: मी ऑस्टिनला शिकते, पासपोर्ट भारतीय. मायनरच्या प्रकल्पासाठी सुट्टीत आले की सह्याद्रीच्या सड्यावरची (उघड्या खडकाळ पठारावरची) माती डब्यात भरून न्यावी म्हणते. फक्त ५० ग्रॅम. चालेल ना?

चालणार नाही, आणि ग्रॅमचा संबंध नाही. जैविक विविधता कायदा, २००२च्या कलम ३ प्रमाणे परदेशी व्यक्ती आणि संस्थांबरोबरच आयकर कायद्याच्या व्याख्येत अनिवासी ठरणारे भारतीय नागरिकही येतात. त्यांना संशोधनासाठी जैविक संसाधन घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आगाऊ मंजुरी लागते. सूक्ष्मजीव आणि त्यांचं आनुवंशिक द्रव्य दोन्ही व्याख्येत आहेत. माती इथेच ठेवून डीएनए काढून नेला तरी सुटका नाही. केंद्र सरकारने मान्य केलेल्या संयुक्त संशोधन प्रकल्पाला कलम ५ची सवलत आहे, पण तो प्रकल्प दोन संस्थांमधला असतो, विद्यार्थ्याच्या सुटकेसमधला नसतो. संशोधनाचे निष्कर्ष परदेशी संस्थेला देण्यावर कलम ४ आहे. शोधनिबंध छापणं किंवा परिषदेत मांडणं त्यात धरत नाहीत.

तिकडच्या बाजूने परदेशी मातीला अमेरिकी कृषी खात्याचा परवाना लागतो. तो घेणाऱ्या प्रयोगशाळेच्या नावावर असतो, आणि वापरून झालेली माती निर्जंतुक कशी करणार हेही त्यात लिहून द्यावं लागतं.

एका सत्राच्या मायनर प्रकल्पाला हे सगळं वेळेत बसणं कठीण. सड्याचाच विषय हवा असेल तर दोन वाटा आहेत. उन्हाळ्यात तडकणारी आणि पावसात भरणारी उथळ माती टेक्ससच्या ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांवरही असते. तिथल्या जमीनमालकाची परवानगी घेऊन काम करा. किंवा जे सिक्वेन्स आधीच एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या एसआरए या खुल्या सिक्वेन्स-साठ्यात उघडे आहेत, त्यांच्यावर. एसआरएमधला नमुना निवडताना आधी त्याच्या माहितीचा तक्ता उघडा. खोली, पीएच, तारीख आणि अक्षांश-रेखांश यांतले दोन रकाने रिकामे दिसले, तर तो सोडून पुढचा बघा. अर्ध्याहून जास्त वेळ यातच जाईल, तसा वेळ हाताशी धरून प्रकल्पाचा प्रस्ताव लिहा.